एक मिनिट श्वास मोजा

(मिशनच्या साहाय्यक सभेत केलेले भाषण)



आपल्या दानातून पाड्यांवरच्या दवाखान्यांत औषधे पोहोचतात. पण औषध केव्हा द्यायचे नाही, हे शिकवायलाही पैसा आणि वेळ लागतो. आज त्याविषयीच बोलतो.

सर्दी, साधा खोकला आणि लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. उगाच दिलेल्या गोळीने साधे जिवाणू मरतात. तिला दाद न देणारे मागे उरतात आणि वाढतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगितला होता. उद्या बाळाला खरा न्यूमोनिया झाला आणि गोळी लागू पडली नाही, तर दूरच्या पाड्यावरच्या आईने काय करावे?

मग ओळखायचे कसे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना, सुईणींनाही, न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. आकडे न येणाऱ्यांसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे साधन बनवले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. हा अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

रीत सोपी आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. 2 महिने ते 1 वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर अँटिबायोटिक द्यायचे. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, किंवा 2 महिन्यांखालील बाळाचे श्वास 60 किंवा जास्त भरले, तर थेट रुग्णालयात न्यायचे. यातले काहीच नसेल, तर साध्या खोकल्याला अँटिबायोटिक नको. पाण्यासारख्या जुलाबांना ओआरएस आणि 14 दिवस झिंक. शौचात रक्त दिसले, तर मात्र उशीर नको.

सर्वांत अवघड धडा बोलण्याचा आहे. मैलभर चालून आलेल्या आईला रिकाम्या हाती पाठवले, असे वाटता कामा नये. म्हणून नर्सताईंनी तिच्यासमोर श्वास मोजावेत, आकडा सांगावा, आणि बाळ दूध पिईनासे झाले किंवा धाप वाढली तर लगेच परत या, असे बजावावे.

तुम्हीही आपल्या डॉक्टरांकडे ‘स्ट्राँग गोळी’चा आग्रह धरू नका. प्रशिक्षणासाठी दिलेला तुमचा रुपया औषधाइतकाच मोलाचा आहे.