गवताचे पंचांग

बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये, अगरा तलावाकडे सकाळी फिरायला गेलो की गवताचा भारा घेऊन निघालेला एक गवळी मला भेटे. घरी तीन गाई. जमीन गुंठाभरही नाही. तलावाच्या आसपासचे गवत हेच त्याचे कुरण.

आपल्याकडे गवताचे पंचांग मृगापासून सुरू होते. येथे एप्रिल-मेच्या वळिवानेच कोंब फुटतात, आणि मोठा पाऊस पडतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे गवत भरपूर असते तेव्हाच ते वाळवायला ऊन नसते! ओल्या गंजीला बुरशी धरते. कोवळ्या गवतात पाणीच फार; गाईचे पोट भरलेले दिसते, पण शेण पातळ होते आणि दुधाला कस राहत नाही. म्हणून तो आधी नाचणीचे सुके काड घाली, मग हिरवे. १९२७ साली गांधीजींनी याच शहरातील सरकारी दुग्धसंस्थेत गोपालनाचे पाठ घेतले होते. आमच्या गवळ्याची शाळा त्याचा गोठाच.

मार्चमध्ये काठ करपला. विकतच्या काडाचा खर्च दुधातून निघेना, तेव्हा त्याने एक गाय विकली. मेमध्ये वळीव कोसळला, काठ पुन्हा हिरवा झाला. तो भेटला, डोक्यावरचा भारा मात्र लहान होता.