शाळा सुटली, वाचन सोडू नका



मी नववीत शाळा सोडून क्लीनर म्हणून ट्रकवर चढलो. दहावी नापास मुले आज तोंड लपवून घरी बसतात, म्हणून बोलतो. ट्रकच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट होती. ती केंद्र सरकारने २०१९ साली काढली. खोट्या दाखल्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. वय २० पूर्ण हवे, हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर जुने हवे, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षण हवे.

मात्र अट गेली तरी अक्षराची गरज गेलेली नाही. मी एकदा बिल्टी न वाचता सही केली. कमी भरलेल्या पोत्यांचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले. मुलांनो, स्टिअरिंग जरूर धरा, पण रोज चार ओळी वाचा.