राजीनाम्यावर सही करू नका
(उत्तर नागपुरातल्या एका वाचनालयात नोकरदार तरुणांपुढे केलेले भाषण)



मला इथं बोलावलं तेव्हा एक पोऱ्या म्हणाला, "भाऊ, आता कम्प्युटरवाल्यांच्या दुःखावर भाषण? त्यांचे पगार पाह्यले का तुमी?" पाह्यले. त्या पगारावर जेवणारी ताटंही मोजली. सहा. आई, थकलेला बाप, शिकणारी बहीण, बायको, पोरगं आणि तो स्वतः. वर घराचा हप्ता. दुसऱ्यांच्या पगारामागे वावर असतं, गाळा असतो, एखाद्या कंपनीत बसलेला मामा असतो. आपल्या पगारामागे फक्त पुढच्या महिन्याचा पगार असतो. म्हणून ही चैनीची गोष्ट नाही बाप्पा, चुलीची आहे.

माझा बाप गिरणीत होता. कोणत्या, ते सोडा. एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. पुढे कितीतरी महिने तो डबा घेऊन फाटकापर्यंत जायचा आणि परत यायचा. मी हसायचो. पोर होतो. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतला एक जण गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवून रोज सकाळी निघायचा आणि अंबाझरी तलावावर जाऊन बसायचा. दोन महिने. घरी पत्ता नाही. आता मला हसू येत नाही.

नागपूरला हे नवं नाही. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, नावही तिचंच. १९८६ मध्ये ती टाटांकडून सरकारकडे आली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज त्या जागेवर मॉल आहे. पण गिरणीचं कुलूप सगळ्यांवर एकदम पडलं. फाटक होतं, फाटकापुढे गर्दी होती, युनियनचा झेंडा होता. मिहानमध्ये काय, परसोडीच्या आयटी पार्कात काय, कुलूप एकेकट्याला लागतं. बारक्या खोलीत बोलावतात. पाण्याचा ग्लास पुढे करतात. म्हणतात, "तुम्ही स्वतःहून राजीनामा दिला तर रेकॉर्ड चांगलं राहील." तासाभरात लॅपटॉप जमा, कार्ड बंद. शेजारच्या टेबलावरचा मान वर करत नाही. उद्या त्याचाच नंबर असतो.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जाहीर केलं की बारा हजारांहून जास्त लोक कमी करणार. जगभरातल्या आपल्या नोकरदारांपैकी सुमारे दोन टक्के, त्यातले बहुतेक मधल्या आणि वरच्या पायरीचे. त्याआधी त्याच कंपनीचा नियम आला होता की वर्षात ३५ दिवसांहून जास्त बेंचवर बसायचं नाही. बेंच म्हणजे काय? काम आणणं कंपनीचं काम, काम आलं नाही तर दोष पोराचा! गिरणीत कापूस आला नाही तर साचेवाल्याला कोणी नालायक म्हणत नव्हतं. इथं म्हणतात. आणि पोरगं तेच खरं मानून घरी जातं. नोकरी गेल्यापेक्षा हे वाईट.

आता जातीचं. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात बाबासाहेबांनी उघड विचारलं होतं की विणकाम खात्यात अस्पृश्यांना का घेत नाही. धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा विटाळ होई, म्हणून चांगल्या मजुरीचं खातं बंद. आज धाग्याचं नाव कोणी घेत नाही. मुलाखतीत विचारतात, "पूर्ण नाव काय? नागपुरात कुठे राहता?" इंदोरा म्हटलं की चेहरा बदलतो, मग "आम्ही कळवतो". खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, जातीची मोजणी नाही. म्हणून कपातीत आपले किती गेले हे कोणत्याच आकड्यात दिसत नाही. पुन्हा नोकरी मिळते ती ओळखीने, रेफरलने. ओळख म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

कायद्याकडे येतो, कारण त्यासाठीच मी आलो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. ती मालकाच्या सोयीची आहे यात शंका नाही. तीनशे कामगारांच्या वर परवानगी हवी हे जे तुम्ही ऐकता, ते कारखाना, खाण आणि मळ्यांपुरतं. तुमच्या ऑफिसला नाही. संपावर जायचं तर १४ दिवसांची नोटीस आधी द्या. १९३८ मध्ये मुंबई सरकारने संपावर बंधनं आणणारं विधेयक आणलं, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने ७ नोव्हेंबरला संप केला होता. ८७ वर्षांनी आपण फिरून तिथंच.

पण त्याच संहितेत काही कामाचं आहे. तांत्रिक काम करणारा कामगारात येतो. तुमच्या कार्डावर "लीड" लिहिलं, "कन्सल्टंट" लिहिलं, त्यावर ते ठरत नाही. हाताने काय काम करता त्यावर ठरतं. खरोखर व्यवस्थापन करणारे, आणि १८ हजारांवर पगार घेणारे पर्यवेक्षक तेवढे बाहेर. सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, वर प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. हे सगळं कशाने बुडतं? तुमच्या एका सहीने. राजीनामा दिला की ती कपात राहत नाही, तुमची मर्जी होते. पाण्याचा ग्लास त्यासाठीच असतो.

म्हणून खोलीत काय बोलायचं ते आजच ठरवून ठेवा. "मला विचार करायला वेळ द्या." बस्स. रागावू नका, रडू नका, पेन उचलू नका. बाहेर येऊन त्याच दिवशी मेल लिहा, कोण काय बोललं ते. पगारपत्रकं आणि नेमणुकीचं पत्र आधीच घरी आणून ठेवलेलं असू द्या. कार्ड बंद झाल्यावर काही मिळत नाही. कंपनीचा कोड मात्र घरी आणू नका, तुम्हालाच चोर ठरवतील. सही करून बसला असाल तर दबावाने घेतली असं लगेच लिहून कळवा. उशीर झाला की बाजू कच्ची होते. आणि कामगार आयुक्ताच्या कचेरीत एकटे जाऊ नका. चार जणांनी एकत्र अर्ज दिला की बाबू खुर्ची देतो.

कोणी म्हणेल, युनियनवाला म्हणून नाव पडलं तर दुसरी नोकरी मिळणार नाही. खरं आहे, भीती खोटी नाही. मलाही होती. मी तेव्हा सही केली होती, मित्रांनो. सात वर्षांचा हिशोब एका कागदावर सोडून आलो आणि बाहेर येऊन त्यांनाच थँक्यू म्हणालो.

तलावावर बसणाऱ्या त्या पोराला आम्ही चौघं जाऊन घेऊन आलो. त्याच्या आईला त्यानेच सांगितलं, आम्ही दाराशी उभे होतो. ती एवढंच म्हणाली, "मंग सकायी डबा कायले नेत होता रे?" त्याचा अर्ज आता तयार आहे. पुढच्या रविवारी अकरा वाजता इथंच बसू. नेमणुकीची पत्रं घेऊन या, एकेक वाचू. ज्यांची नोकरी शाबूत आहे, त्यांनीही आणा.