ओळ कुठे संपते?

टेक्स्ट फाइलमध्ये खरे तर ओळी नसतातच. असते ती अक्षरांची सलग रांग, आणि तिच्यात जागोजागी एक न दिसणारी खूण. ती आली की पडद्यावर नवी ओळ सुरू होते. ही खूण कोणती असावी, यावर मात्र संगणक बनवणाऱ्यांचे कधी जमले नाही.

भांडण टेलिप्रिंटरच्या काळातले. तिथे नव्या ओळीसाठी दोन कामे करावी लागत: छपाईचा गाडा डावीकडे आणणे आणि कागद वर सरकवणे. आस्की संकेतावलीत पहिल्याला १३ हा क्रमांक आहे, नाव कॅरेज रिटर्न. दुसऱ्याला १०, म्हणजे लाइन फीड. सेकंदाला १० अक्षरे छापणाऱ्या यंत्रात गाडा परतायला एका अक्षराहून जास्त वेळ लागे. म्हणून रिटर्न आधी. कागद सरकेपर्यंत गाडा जागेवर येई.

फाइलीत यंत्राचे हे लाड कशाला, म्हणून युनिक्सने फक्त १० ठेवला, लिनक्सनेही तोच. डॉस आणि विंडोजने दोन्ही जपले. जुन्या मॅकिंटॉशवर नुसता १३ चाले.

विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर नेली, की पहिल्याच ओळीच्या शेवटी १३ चिकटलेला असतो. त्या ओळीत स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव असते; लिनक्स १३ ला त्या नावाचाच भाग समजतो आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो. प्रोग्रॅम तर डोळ्यांसमोर असतो! उलट, लिनक्सची फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये २०१८ पर्यंत एकाच लांबलचक ओळीत उघडे.

‘डॉस-टू-युनिक्स’सारखी छोटी साधने एका प्रकारच्या खुणा दुसऱ्या प्रकारात बदलून देतात. गिटमध्ये प्रकल्पासाठी एकदाच नियम लिहून ठेवता येतो, आणि तेच बरे. मात्र फाइलीत दोन्ही प्रकार मिसळलेले असतील, तर प्रत्येक १० च्या आधी डोळे मिटून १३ घालू नये. काही ठिकाणी तो दोनदा येतो. आधी सगळ्या खुणा १० वर आणाव्यात, मग हवे ते रूप द्यावे.

खरे नुकसान होते ते चित्रांचे. एफटीपीने फाइल आस्की पद्धतीने पाठवली, तर चित्रातले १० आणि १३ देखील ओळीच्या खुणा समजून बदलले जातात. अशा फाइली बायनरी पद्धतीनेच पाठवायच्या. पीएनजी चित्रांच्या रचनाकारांनी याचा बंदोबस्त आधीच केला: पहिल्या आठ बाइटांत १३ व १० ची जोडी आणि शेवटी एकटा १० मुद्दाम ठेवला. वाटेत कोणी खुणा बदलल्या, तर यांतले काहीतरी बिघडते, आणि चित्र उघडणारा प्रोग्रॅम तिथेच फाइल नाकारतो.