पन्नास घरांचा मध

[मंडळाच्या मुंबई येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण]



चिटणीसांनी मला शिक्षणाविषयी चार शब्द बोलण्यास सुचविले होते. त्या विषयावर ह्या व्यासपीठावरून पुष्कळ भाषणे झाली आहेत व पुढेही होतील. म्हणून त्यांची अनुज्ञा घेऊन मी आज मधाविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु जावळी व महाबळेश्वर तालुक्यांत आपली जी घरे अद्याप शेती धरून राहिली आहेत, त्यांपैकी काहींच्या वर्षाच्या हिशेबात आज मध, नाचणी, वरई व फणसपोळी ह्यांची जमेची बाजू भाताहून मोठी आहे. आणि हा माल ज्यांनी घ्यावयाचा ती आपली माणसे मुंबईस व पुण्यास आहेत. मध्ये काहीतरी अडते आहे. काय अडते, तेवढेच आज पाहू.

आपल्या डोंगरात मधमाश्या मुख्यतः चार जातींच्या. आग्या उंच झाडावर वा कड्यावर एकच मोठे पोळे उघड्यावर बांधते. ती पेटीत राहत नाही. फुलोरी लहान, तिचा मधही थोडा. पोया अगदीच बारीक. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा खडकाच्या कपारीत अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून तीच पेटीत नांदते. पेटीत खालचा कोठा पिलांचा, वरचा मधाचा. वरच्या चौकटी काढून यंत्रात फिरविल्या की मध बाहेर पडतो व पोळे अखंड राहते. ते पुन्हा पेटीत ठेविता येते. आमच्या लहानपणी आग्याचे पोळे रात्री धुराने उठवून हाताने पिळीत असत. त्या मधात अळ्या, मेण व राख सारे काही उतरे, आणि माशीचे घर कायमचे मोडे ते वेगळेच. पेटीच्या मधाला 'पाळीव' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा फरक ध्यानी घ्यावा.

ह्या कामी सरकारचे साह्य नाही असे नाही. महाबळेश्वरास खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, पुण्यास १९६२ पासून मधमाशीवरील केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि २०२२ च्या मे महिन्यात महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पेटी मिळते, शिक्षण मिळते. गिऱ्हाईक मात्र सरकारला देता येत नाही.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. महाबळेश्वरास वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडणे कठीण, आणि पडली तरी फुलांतला रस धुऊन गेलेला. ह्या दिवसांत वसाहत उपासाने मरू नये म्हणून पाळणारा तिला साखरेचा पाक देतो. शिवाय ओलीमुळे मेणकिडा पोळ्यात शिरतो. त्याकडेही पाहावे लागते. हे पावसाळ्यातले पोटापुरते अन्न आहे. जांभूळ फुलते तो हंगाम मार्च-एप्रिलचा. त्या वेळी पाक देणे हे पाप, आणि प्रामाणिक मनुष्य ते करीत नाही. परंतु श्रावणात गावी गेलेला आपलाच एखादा पाहुणा ओसरीवर साखरेचे पोते पाहतो, आणि गणपतीपर्यंत साऱ्या लालबाग-परळात बातमी होते की अमक्याचा मध साखरेचा!

भेसळ नाही असे मी म्हणत नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने बाजारातील १३ छापांचा मध तपासून घेतला. त्यांपैकी अवघे ३ सर्व कसोट्यांस उतरले. कारखानदारांनी तो निष्कर्ष नाकारला, हेही सांगितले पाहिजे. उसाची किंवा मक्याची साखर मिसळलेली असल्यास जुन्या प्रयोगशाळेतील कसोटीत ती सापडे. तांदळाचा पाक त्या कसोटीला चकवितो, म्हणून नव्या व महागड्या कसोट्या निघाल्या. जेथे शास्त्रज्ञांना इतके सायास पडतात, तेथे आपण पेल्यात थेंब सोडून, काडी पेटवून किंवा कुत्र्यापुढे बशी ठेवून निवाडा करतो! दाट पाकाचा थेंबही पेल्याच्या तळाशी बसतो. ह्या परीक्षांत लबाड सुटतो आणि गरीब अडकतो.

माझा एक विद्यार्थी २०२० साली टाळेबंदीत मुंबईची नोकरी सुटल्यामुळे गावी परतला. त्याच्यापाशी आज दहा पेट्या आहेत. मागील हिवाळ्यात त्याच्या तीन बाटल्या एका सुशिक्षित कुटुंबाने परत पाठविल्या, कारण मध खाली थिजून रवाळ झाला होता. वस्तुतः मधातील द्राक्षशर्करा थंडीत कण धरते. कोणत्या फुलाचा मध आहे, ह्यावर तो लवकर थिजेल की उशिरा, हे ठरते. बाटली कोमट पाण्यात ठेविली की तो पुन्हा पातळ होतो. उकळू मात्र नये. मुलाने हे पत्राने कळविले. उत्तर आले नाही, पैसेही आले नाहीत. त्याच्या घरी बोहनीचा तो मध अजून फळीवर आहे, आणि त्याची आई त्याला पुन्हा शहराची वाट दाखवीत आहे.

बंधूंनो, थोडे गणित करू. शाळामास्तराची सवय जात नाही. सातेरीची वसाहत साल चांगले असल्यास पाचदहा किलो मध देते. पाचच धरा. दहा पेट्यांचे पन्नास किलो. घरटी वर्षाला एक किलो धरल्यास ह्या मुलाला पन्नास घरे हवीत. त्याला पेठ नको, दलाल नको, वर्तमानपत्रात जाहिरात नको. पन्नास घरे, जी त्याला ओळखतात आणि दरसाल घेतात. आपल्या मंडळाच्या यादीकडे पाहा आणि अशी किती मुले आपल्या जोरावर गावी राहू शकतील ते तुम्हीच मोजा.

परंतु घेणे कसे, हेही बोललेच पाहिजे. दुकानदारास आपण मुकाट्याने छापील किंमत देतो. ज्ञातीचा मनुष्य दारी आला की 'घरचाच आहेस, काहीतरी कमी कर' म्हणतो, आणि उरलेले दिवाळीनंतर देऊ असे सांगतो. ती दिवाळी मी पुष्कळदा पाहिली आहे. नाते असल्यामुळे त्याला मागताही येत नाही. दरसाल एकच रंग व एकच चव मिळाली पाहिजे, असा आग्रहही धरू नये. जांभळाचा मध निराळा, हिरड्याचा निराळा, आणि कारवी तर सुमारे आठ वर्षांनी एकदा फुलते. रंग सदैव सारखा हवा असेल तर कारखान्याकडे जावे.

पिकविणाऱ्यांनाही दोन शब्द. पोळ्यातील घरे मेणाने झाकली गेल्यावाचून मध काढू नका. वळिवाच्या भीतीने घाईने काढलेला मध पातळ राहतो व आंबतो. पाण्याचा अंश शेकडा वीसहून अधिक असू नये, असा नियमच आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. बाटलीवर आपले नाव, गाव, फूल आणि काढल्याचा महिना लिहा. रस्त्याकडेला प्रवाशांना विकला जाणारा 'जंगली मध' वाटेल तेथून येतो; त्या पंक्तीत बसू नका. आणि एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये, हेही चिठ्ठीवर असावे. जन्मतः मध चाटविण्याची आपली चाल जुनी आहे हे मी जाणतो, पण त्यातून तान्ह्या मुलास विषबाधेचा घातक विकार होऊ शकतो. येथे आजीबाईंनी डॉक्टरांचे ऐकावे.

स्ट्रॉबेरीवाल्यांना एवढेच सांगतो की माशी न फिरकलेल्या फुलाचे फळ वेडेवाकडे धरते. तेव्हा औषध मारावयाचे ते माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी मारावे. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात ह्या मजुरांचाही वाटा आहे, आणि त्यांनी रोज कधी मागितला नाही.

चिटणीसांच्या मेजावर मी एक वही ठेविली आहे. तीत नाव, पत्ता आणि मध, नाचणी वा वरई किती हवी, ते लिहावे. अर्धे पैसे आगाऊ द्यावेत. जांभळाचा मध वैशाखात निघतो, पाऊस लागण्यापूर्वी तो मंडळाच्या कचेरीत पोहोचविण्याचे चार तरुणांनी पत्करले आहे. एस. टी.त बाटल्या फुटतात, म्हणून तो डब्यांतून येईल. घेण्यास येताना प्रत्येकाने कोरडी, स्वच्छ काचेची बरणी आणावी.