दारीं घोडा

घोडा विकत घेणें सोपें; पोसणें कठीण. ४०० किलो वजनाच्या घोड्यास रोज सुमारें ८ किलो वैरण-दाणा व २५ लिटर पाणी लागतें. दर ६ ते ८ आठवड्यांनीं खूर छाटून नाल ठोकावे लागतात. माथेरानांत खासगी मोटारींस बंदी असल्यानें अनेक कुटुंबें घोड्यावर पोट भरतात. भर पावसाळ्यांत प्रवासी ओसरतात. घोड्याची भूक ओसरत नाहीं. तो २५-३० वर्षें जगतो. म्हातारपणीं काम सुटतें, दाणा सुटत नाहीं. मग मोबदला कोणता? रोज खरारा करणाऱ्या मुलाची चाहूल लागतांच तो कान टवकारून खिंकाळतो. आणि आपल्याआधीं मुक्या जिवाला घांस घालण्याचें वळण त्या घराला लागतें. हें ज्याला पेलेल, त्यानेंच लगाम हातीं धरावा.