कौशिकाने निरोप घेतला नव्हता

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



मला विषय दिला आहे 'धर्मग्रंथ आणि कुटुंब'. याला दहा दिवसही पुरायचे नाहीत. शिवाय आपले ग्रंथ घराविषयी एकच एक गोष्ट सांगतात असेही नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. त्यांत एक कबुतर आहे, पिलांच्या मायेने पारध्याच्या जाळ्यात सापडलेले. त्यावरून धडा असा, की संसारात गुंतू नये. त्याच स्कंधात पुढे भगवान उद्धवाला सांगतात, की गृहस्थाने घरात पाहुण्यासारखे राहावे, कारण बायकामुले आणि नातलग म्हणजे वाटेत भेटलेले प्रवासी. ऐकायला छान वाटते. पण ज्याच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे, त्याने पाहुण्यासारखे राहून कसे चालेल? म्हणून मी आज एकच गोष्ट घेतो. महाभारताच्या वनपर्वात मार्कंडेय ऋषींनी युधिष्ठिराला सांगितलेली, कौशिक ब्राह्मणाची आणि धर्मव्याधाची.

गोष्टीचा पहिला भाग तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. कौशिक झाडाखाली वेद म्हणत बसलेला. वरून बगळी त्याच्या अंगावर विटाळली. त्याने रागाने वर पाहिले आणि बगळी मरून पडली. मग त्याला वाईट वाटले. पुढे तो गावात भिक्षेला गेला. गृहिणी 'थांबा' म्हणाली, एवढ्यात तिचा नवरा भुकेला होऊन घरी आला. त्याचे ताटपाणी, त्याचे सगळे करण्यात दारातला ब्राह्मण ती विसरलीच. आठवल्यावर ओशाळून भिक्षा घेऊन आली, तर कौशिक संतापलेला. तेव्हा तिने ऐकवले, की महाराज, मी काही ती बगळी नव्हे! (आजच्या सुना मला विचारतील, की नवऱ्याला ताट वाढण्यातच बाईचा धर्म संपतो का? त्यांनी जरूर विचारावे. पण वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणाला, तुम्हांला धर्म कळलेला नाही, असे तोंडावर सांगणारी तीच आहे, हेही लक्षात घ्यावे.) तिने त्याला मिथिलेच्या व्याधाकडे पाठवले.

व्याध मांस विकायला बसला होता. तो कौशिकाला घरी घेऊन गेला. त्याने धर्मावर पुष्कळ सांगितले, अध्यायच्या अध्याय सांगितले, ते मी सोडून देतो. शेवटी तो म्हणाला, आता माझा प्रत्यक्ष धर्म बघा, आणि आतल्या घरात नेले. तिथे त्याचे म्हातारे आईवडील जेवून, स्वच्छ वस्त्रे नेसून, उत्तम आसनांवर बसलेले होते. व्याधाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. माझी दैवते हीच, लोक देवांना फुले-फळे वाहतात ती मी यांना वाहतो, असे तो म्हणाला.

इथे जरा थांबू या. व्याध सांगतो, की मी यांना स्वतः आंघोळ घालतो, स्वतः पाय धुतो, स्वतः जेवू घालतो. बायको-मुलेही सेवेत आहेत, पण 'स्वतः' हा शब्द त्याचा आहे. आपल्याकडे एखाद्याचे कौतुक होते, 'आईची फार सेवा केली हो त्याने'. चौकशी केली तर सेवा केलेली असते सुनेने, नाहीतर ठेवलेल्या बाईने. औषधांची बिले भरणे ही सेवा नाही असे मी म्हणत नाही. पण ग्रंथाने सांगितलेली सेवा हाताने करायची आहे आणि ती मुलाला सांगितलेली आहे. आणखी एक बारीक गोष्ट. त्यांना आवडेल तेच मी बोलतो, न आवडणारे टाळतो, असेही व्याध म्हणतो. म्हाताऱ्या माणसाने एकच गोष्ट चौथ्यांदा सांगितली, की 'सांगितलंत हो मघाशी' हे वाक्य आपल्या ओठांवर तयार असते. व्याधाने तेही सेवेत धरले आहे.

आणि मग गोष्टीचा खरा गाभा येतो. व्याध कौशिकाला म्हणतो, तुम्ही आईवडिलांचा अनादर केलात. त्यांची अनुज्ञा न घेता वेद शिकायला घराबाहेर पडलात. तुमच्या शोकाने ते दोघे आंधळे झाले आहेत. जा, त्यांना प्रसन्न करा.

इतका वेळ या आईवडिलांचा उल्लेखसुद्धा नव्हता! बगळी आली, गृहिणी आली, मिथिला आली. कौशिकाला आईबाप आहेत हे आपल्याला शेवटी कळते, कारण तो स्वतःच त्यांना विसरला होता. व्यासांची ही युक्ती मला फार मोठी वाटते. आणि दोष कशाला दिला ते पाहा. वेद शिकायला जाणे हा दोष नव्हता. दोष होता न विचारता जाण्याचा आणि मागे वळून न पाहण्याचा.

इंदुरातल्या आपल्या घरांना हे लागू आहे. आपण तर सगळे गेलेल्यांचेच वंशज. १८व्या शतकात होळकरांच्या मागोमाग जे नर्मदा ओलांडून आले, त्यांच्याही आया मागे देशावर, कोकणात राहिल्याच असतील. आता आपली मुले पुण्याला, बंगळुरूला आणि त्याहून लांब जातात. आपल्या घरांत निघताना हातावर दही घालतात आणि 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायला लावतात. हीच ती अनुज्ञा. पण नोकरीचे पत्र आधी येते, तिकीट आधी निघते आणि घरी सांगितले जाते ते सगळे ठरल्यावर. याला कळवणे म्हणतात, विचारणे नव्हे.

मात्र ही गोष्ट घेऊन आपण ज्येष्ठांनी मुलांवर चढाई करावी, हे मला मान्य नाही. अनुज्ञा मागणे त्यांचे काम, तशी ती मनापासून देणे आपले. त्यासाठी पैठणच्या नाथांचे चरित्र बघावे. आईवडील लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणी यांनी वाढवलेला हा नातू घरी न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींकडे निघून गेला. म्हातारी माणसे रडत बसली. म्हणजे कौशिकच! पण परंपरा सांगते, की आजोबांनी पुढे स्वामींकडून पत्र आणले आणि तीर्थयात्रेहून परतलेल्या नाथांच्या हाती ठेवले. 'पैठणातच राहा' ही गुरूची आज्ञा वाचून नाथ तिथेच राहिले आणि गृहस्थ झाले. स्वामींनी शिष्याला आपल्याजवळ ठेवले नाही, घरी दिले.

पुढे हीच वेळ नाथांवर बाप म्हणून आली. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. वडील पुराण मराठीत सांगतात, कुणाच्याही घरी जेवतात, हे त्याला पटेना. तो काशीला निघून गेला. नाथांनी शाप दिला नाही की 'आमच्यासाठी मेलास' असे म्हटले नाही. ते काशीला गेले आणि मुलाच्या अटी ऐकून घेतल्या. परान्न घेणार नाही, मराठी पुराण सांगणार नाही. ज्यांनी एकनाथी भागवत मराठीत लिहिले, त्यांनी मुलगा घरी यावा म्हणून हे कबूल केले. पुढे एका म्हाताऱ्या बाईच्या घरी जेवण्याच्या प्रसंगाने हरिपंडिताचा अभिमान गळाला, ती कथा कीर्तनात आपण ऐकतोच. मला त्या चमत्काराहून ती काशीची बोलणी मोठी वाटतात. आपल्यातल्या किती बापांनी मुलाची एक तरी अट मान्य केली आहे?

तैत्तिरीय उपनिषदात आईवडिलांना देव मान असे सांगणारा गुरू लगेच पुढे म्हणतो, की आमचे जे चांगले आचरण असेल तेवढेच घे, बाकीचे घेऊ नकोस. लग्नपत्रिकेवर पहिला भाग छापतात. दुसरा मी अजून कुठे छापलेला पाहिला नाही.

कौशिकाच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. त्याने व्याधाला प्रदक्षिणा घातली आणि तो घरी गेला. म्हाताऱ्या आईवडिलांची त्याने रीतसर सेवा केली. त्यांना पुन्हा दिसू लागले का, हे मार्कंडेय सांगत नाहीत.